राजाची जागा

मृग लागायला चार दिवस उरले होते आणि माझा राजा तिसऱ्यांदा बिघडला.

मुलांच्या एका दिवाळी अंकासाठी पानभर चित्र हवं होतं. गोष्ट जुन्या वळणाची. राजा शिकारीला निघतो, हरणामागे धावता धावता वाट चुकतो, सोबतचे लोक मागे पडतात आणि रात्र एका मोठ्या झाडाखाली काढावी लागते. सकाळी तो परत येतो तो शिकार कायमची सोडूनच. संपादकबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ताई, जलरंगातच करा, आणि राजा ठळक येऊ द्या. मुलं आधी राजाला शोधतात." मी ते मनावर घेतलं. तिन्ही वेळा राजापासूनच सुरुवात केली. मंदील, शेला, कमरेची कट्यार, चेहरा, सगळं मनासारखं उतरलं. मग मागे झाडं टाकली. आणि तिन्ही वेळा जंगल त्याच्यामागे नाटकाच्या पडद्यासारखं लटकत राहिलं. हा राजा वाट चुकलेला वाटेना. तो त्या रानात शिरलाच नव्हता.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरा म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा ती जागा पहिल्यापासून कोरडी राखायची, कारण गडद वॉश एकदा गेला की मागे घेता येत नाही. तैलरंगात चूक झाकता येते, इथे ती शेवटपर्यंत दिसत राहते. म्हणून आधी काय आणि नंतर काय, हे जलरंगात फार महत्त्वाचं. जे आधी येतं त्याच्या कलाने पुढचं सगळं चालतं. राजा आधी काढला की प्रत्येक फांदीला त्याच्या खांद्याशी येऊन थांबावं लागायचं. कडेकडेने जपत फिरवलेला कुंचला लगेच ओळखू येतो. रंग तिथे वाहत नाही, सारवल्यासारखा दिसतो.

राजा आणि रान ही जोडी मला पहिल्यांदा भेटली ती चांदोबात. आम्ही हैदराबादचे मराठी. आजोबा मराठवाड्यातून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. जांबागेतल्या विवेक वर्धिनीत, 1907 साली सुरू झालेल्या त्या शाळेत, आमच्या घरातल्या तीन पिढ्या शिकल्या. घरी मराठी चांदोबा यायचा, शेजारी तेलुगू चंदमामा. मद्रासमध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये हे मासिक काढलं, मराठी चांदोबा 1952 पासूनचा. चित्रं दोन्हींत तीच, फक्त भोवतीची लिपी वेगळी. उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि शेजारची मैत्रीण दोन्ही अंक शहाबादी फरशीवर शेजारी शेजारी उघडून पालथ्या पडायचो. मी 'राजा' वाचायचे, ती 'राजु'. मी 'रान' म्हणायचे, ती 'अडवि'. बोट मात्र दोघींचं एकाच झाडावर असायचं.

शंकर यांनी चांदोबात काढलेला विक्रम कुणाला आठवत नाही? हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती रात्रीचं स्मशान. हे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, 2020 साली गेले तेव्हा शेजारची ती मैत्रीण, आता दुसऱ्या शहरात असलेली, रात्री फोन करून रडली होती. पण रंगाच्या दृष्टीने माझ्यावर खरा संस्कार झाला तो वड्डादि पापय्यांचा. हे श्रीकाकुळमचे. चांदोबाची कितीतरी मुखपृष्ठं त्यांची. कोपऱ्यात तेलुगूत 'व. पा.' एवढीच सही. त्यांच्या चित्रातली स्त्री, फुलं, पाणी, आभाळ हे सगळं एकाच ओल्या हाताने, एकाच बैठकीत काढल्यासारखं वाटायचं. राजकन्येच्या पदराची कड नेमकी कुठे संपते आणि कमळाची पाकळी कुठे सुरू होते, हे मी नाक कागदाला लावून शोधत असे. सापडायचं नाही. कॅम्लिनच्या रंगपेटीतल्या वड्या पाण्याने घासून घासून मी ते करू बघायचे आणि कागदाला भोक पडायचं.

चौथा कागद फळीवर ताणून चिकटवण्याआधी मी सालारजंगला गेले. नया पुलाजवळ बसमधून उतरलं की मुसी नदीचा वास येतो, आणि त्या वासातून चालतच आपण हैदराबादच्या सगळ्यात सुंदर वस्तूंपाशी पोहोचतो. या संग्रहालयाकडे मुहम्मद कुली कुत्बशाहाच्या कवितांचं हस्तलिखित आहे, चित्रं आणि सोन्याचं काम असलेलं. 1591 साली ज्याने हे शहर वसवलं तोच हा राजा. 1580 ते 1612 इतकी वर्षं राज्य केलं आणि कविता केल्या त्या दखनीत. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या पुतण्याने, जो त्याचा जावईही होता, त्या सगळ्या एकत्र केल्या. त्यात वसंतावर कविता आहेत, थंडीवर आहेत, फळांवर आहेत, आणि मृगावर आहेत. त्याचा शब्द 'मिरग'. आमच्या आजोळी नांदेडकडे शेतातली माणसं म्हणतात तोच. चारशे वर्षांपूर्वी एक राजा गोवळकोंड्याच्या गच्चीवर उभा राहून पावसाळी ढगाकडे बघतो आणि त्याच्या तोंडी जो शब्द येतो तो बांधावर उभ्या असलेल्या कुणब्याचा असतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिले होते. दखनीत मराठीचं देणं मोठंच आहे. आमच्या गल्लीतला भाजीवाला आजही 'नक्को' म्हणतो आणि 'ऐसाइच' म्हणतो. त्यातला 'च' आपला आहे. पण व्याकरणातला 'च' एक, आणि राजाच्या तोंडचा मिरग एक. पाऊस कधी येईल ही काळजी आणि तो आल्याचा आनंद, दोन्ही त्या एका शब्दात राजवाड्यापर्यंत चढून गेले.

इथे मृगाचा दिवस अजून पाळतात. तेलुगू लोकांची मृगशिर कार्ति. त्या दिवशी शहरभर मासे खातात, आणि नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याची माणसं माशाचा प्रसाद घ्यायला रांगा लावतात. आमच्याकडे मासे नसायचे. आमचा मृग म्हणजे आजोळच्या ओल्या मातीतून वर येणारा तो लाल मखमली किडा. पहिली सर पडून गेली की तो दिसायचा. शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, पण लाल असा की दहा पावलांवरून दिसावा. आजी म्हणायची, "हात लावा, पण दाबू नका गं." तळहातावर घेतला की पाय पोटाशी घेऊन तो गोळा व्हायचा, आणि बोटाच्या टोकाला खरोखरीची मखमल लागायची. जुन्या संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हणतात. आम्ही त्याला काडेपेटीत गवत घालून ठेवायचो आणि संध्याकाळी सोडून द्यायचो. काळ्या मातीवर तो चालायला लागला की शेत एकदम मोठं दिसायचं.

संग्रहालयात दख्खनी लघुचित्रांसमोर उभी राहिले की मला तीच मोठं होण्याची गंमत दिसते. मुघल चित्रकार फूल काढतो तेव्हा ते समोर ठेवून बघत काढतो, देठावरच्या लवेसकट. दख्खनचा चित्रकार फूल आठवून काढतो. म्हणून त्याची फुलं माणसाएवढी होतात. विजापूरचं एक चित्र, 1603 च्या आसपासचं, आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. मी ते छापील पाहिलेलं, पण इतक्या वेळा की डोळे मिटूनही काढता येईल. एक जोगीण उभी आहे, हातावर मैना. अंगावर अलंकार राजकन्येचे, केसांचा उंच जटाबंध जोगिणीचा. मागे दूर टेकडीवर पांढरा महाल, इवलासा. आणि तिच्या बाजूने उगवलेली फुलं अशी प्रचंड की ती चार पावलं चालली असती तर त्यांच्याखाली दिसेनाशी झाली असती. ती महाल सोडून आली आहे की महालाकडे निघाली आहे, हे चित्र सांगत नाही. मैनेशी मात्र तिचं काहीतरी चाललं आहे, आणि त्यात महालाला जागा नाही.

या चित्रांमधले खडकही जांभळे-गुलाबी असतात. कलेच्या पुस्तकांतून त्याला स्वप्नसृष्टी वगैरे म्हणतात. मला ते पटत नाही. गोवळकोंड्याच्या वाटेवर संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघावं. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा ग्रॅनाइट, एकावर एक तोलून धरलेले शिळांचे गोल, आणि मावळतीला त्यांच्यावर जो रंग चढतो तो गुलाबीच असतो, सावलीत जांभळा. आता त्यातल्या किती शिळा फोडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या याची मोजदाद करवत नाही. चित्रकाराने कल्पनेने रंगवलं असं आपण म्हणू लागलो, कारण समोरचं दृश्यच आपण काढून टाकलं.

ही लघुचित्रंही जलरंगच. फक्त पारदर्शक नव्हेत, अपारदर्शक. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, लाजवर्द, काजळ, सफेदा. हे खलात घोटून डिंकात कालवायचे. कागदावर कागद चिकटवून जाड पुठ्ठा करायचा. असा हाताचा कागद करणारं एक गाव, कागजीपुरा, दौलताबादजवळ आजही आहे. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. थर दिला की चित्र उलटं टाकून मागून अकीकाच्या दगडाने घोटायचं, मग पुन्हा थर. या रंगांत गडदावर फिकं बसतं. म्हणून झाडाचा आधी एक काळपट हिरवा ढीग करायचा आणि मग त्यावर एकेक पान वेगळं, उजळ. कुठल्याही दख्खनी चित्रातला आंबा भिंगातून बघा, पानं मोजता येतात. राजाच्या चेहऱ्यावर जेवढे दिवस गेले असतील तेवढेच त्या झाडावर गेलेले असतात.

यातल्या हरताळाशी मराठी माणसाची वेगळी ओळख आहे. सोन्यासारखा पिवळा, विषारी, सोमलाच्या कुळातला. चित्रकाराला तो उजेडासाठी लागायचा. लेखनिकाला चुकलेलं अक्षर झाकायला लागायचा. अक्षरावर हरताळ फासला की कागद पुन्हा कोरा, आणि त्यावर नवं लिहायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण तिथूनच घेतला. एकाच वाटीतला रंग, एकाने झाडावर ऊन पाडायला घेतला, दुसऱ्याने पुसायला.

ते मला आठवतं ते एका पोथीमुळे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतलं एक सचित्र फारसी काव्य आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीचं. हुसेन निजामशाहाचं हे गुणगान, राक्षसतागडीच्या विजयासकट. ती लढाई 1565 ची, आणि राजा त्याच वर्षी वारला. चित्रांत त्याच्या शेजारी, त्याच्याच आसनावर, राणी खुंझा हुमायूं बसलेली होती. चांदबिबीची ही आई. राजाच्या मागे अज्ञान मुलाच्या नावाने तिने काही वर्षं राज्य चालवलं, आणि पुढे त्याच मुलाच्या कारकिर्दीत तिला कैद झाली. बहुधा त्यानंतरच कुणीतरी त्या दरबारी चित्रांमधली तिची आकृती रंग फासून बुजवली. मंडळाने छापलेल्या प्रतीत मी ते पाहिलं आणि पोटात गलबललं. राजा तिथेच बसला आहे, दासी पंखा धरून उभ्या आहेत, सगळे एका डागाकडे बघताहेत.

याच पोथीत आणखी एक चित्र आहे. एका स्त्रीचा स्पर्श होतो आणि झाड बहरतं. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी, तिचं नाव दोहद. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, तिने मद्याची चूळ टाकली की बकुळ. आपला 'डोहाळे' हा शब्द या दोहदावरूनच आला. म्हणजे झाडालाही डोहाळे लागतात, आणि ते पुरवायला कुणीतरी जवळ जावं लागतं. चित्रकार कोण, कुठला, त्याचं नाव पोथीत नाही. पण एका सुलतानाच्या स्तुतीच्या पुस्तकात त्याने हे झाड आणलं. विजय, हत्ती, सिंहासन यांच्या मधोमध एक पान नुसतं बहरण्यासाठी दिलं. ज्यांनी दरबारातली राणी बुजवली त्यांना त्या झाडाचा बहर काही बुजवता आला नाही. तो आहे.

राजे गेले तरी त्यांचं रान या शहरातही मागे उरलं आहे. बहीण बंजारा हिल्सला राहते. तिच्याकडे मुक्काम असला की पहाटे केबीआर पार्कला जाते. मधोमध चिरान पॅलेस आहे. शेवटच्या निजामाचे नातू मुकर्रम जाह यांचा. राज्य नसलेले निजामच ते. हैदराबाद सोडून ते पश्चिम ऑस्ट्रेलियात गेले, मेंढ्यांच्या कुरणावर राहिले. जानेवारी 2023 मध्ये इस्तंबूलला वारले आणि मक्का मशिदीत त्यांना आणून दफन केलं. त्यांच्या महालाभोवतीचं रान आता राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथले मोर असे की चालणाऱ्यांना वाट अडवून उभे राहतात. एकदा पहाटे एक मोर पिसारा ओढत माझ्यापुढे चालत होता, अगदी सावकाश, आणि आम्ही सातआठ जण मागे अदबीने थांबलो होतो. धोतर नेसलेले एक गृहस्थ तेलुगूत हळूच म्हणाले, "जाऊ द्या त्यांना आधी." आदरार्थी बहुवचनच वापरलं त्यांनी.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वनस्थलीपुरमला, निजामाचं शिकारीचं रान होतं. 1975 मध्ये, महावीरांच्या निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी, त्याचं महावीर हरिण वनस्थली झालं. काळवीट तिथे राहिले. शिकारीसाठी का होईना, राजाने ते रान राखलं होतं म्हणून त्यावर प्लॉट पडले नाहीत, हे मान्य करावंच लागतं. मला ते आवडत नाही, पण ते खरं आहे. माझ्या गोष्टीतला राजा शिकार सोडून घरी येतो. तो राजा मुलांसाठी रचलेला असेल, पण त्याचं रान या शहरात बसने जाता येईल इतकं जवळ आहे, कुंपणाला कुंपण लावून दाटलेल्या वस्तीच्या मधे.

काल मृग लागला. दुपारी ढग आले, चार टपोरे थेंब पडले आणि थांबले, पण हवा भरून आली. अशा हवेत कागद लवकर वाळत नाही. ज्या वॉशला मे महिन्यात पाच मिनिटं लागतात त्याला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ रंग कागदावर आपल्या मनाने फिरत असतो. एरवी मी वैतागते. काल मुद्दाम खिडकी उघडी ठेवली.

या वेळी झाडापासून सुरुवात केली. आंबा. बुंधा आधी, गेरूत थोडी नीळ घालून, मग पाणी सोडून फांद्या वर जिथे जातील तिथे जाऊ दिल्या. दोन फांद्या कागदाबाहेर गेल्या, जाऊ दिल्या. पानांचा पहिला हिरवा ओल्यातच टाकला, तो खाली ओघळत मुळांपर्यंत आला. त्यावर सावलीचा दुसरा थर, मग तिसरा. खडक मी गुलाबी ठेवले. हरणं झाडामागे दोन, कान तेवढे दिसणारी. एक मोर फांदीवर, पाठमोरा. आईने मागून येऊन चष्मा सावरत विचारलं, "राजा कुठाय गं?"

बुंध्यापाशी, मुळांच्या बेचक्यात, अंगठ्याएवढी जागा मी कोरडी ठेवली आहे. तिथे तो गुडघे पोटाशी घेऊन बसेल. त्याच्या शेल्याचा लाल वाटीत कालवून ठेवलाय, हिंगुळाच्या जवळचा, आणि आजोळच्या मातीवर चालणाऱ्या त्या किड्याच्या त्याहून जवळचा. हिरवा अजून ओला आहे. हात लावून बघितला, बोटाला लागतो.